माथेरानची गाडी : वारसा आणि वहिवाट

नेरळ–माथेरान रेल्वेविषयी लिहिणारे बहुधा सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द इथेच थांबतात. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली. मला मात्र यातला खरा नायक वाटतो तो इंजिनाचा आस. रूळ दोन फुटी, वळणे कमालीची अरुंद. म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधलेल्या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या चाकांना आडवे सरकण्याची मुभा होती. त्यामुळे डोंगर फोडावा लागला नाही, त्याला वळसे घालता आले. वीसेक किलोमीटरांत बोगदा एकच!

१९७६च्या मे महिन्यात आजोबांबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी आणि वळणावळणाला खाली दिसणारे नेरळ, एवढेच आठवते.

पुढे डिझेल आले. २००५च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, २००७ साली पुन्हा उभा राहिला. २०१९च्या पावसाने पुन्हा मोडला. नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. मधल्या काळात अमन लॉज–माथेरान एवढाच तुकडा धावला, कारण दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे.

२०२३च्या डिसेंबरात मी त्याच शटलने गेलो. समोरच्या बाकावर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई होत्या. मी कौतुकाने आसाची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, “गाडी वेळेवर सुटली म्हणजे झालं. आता चालवत नाही हो.”