हाताच्या वस्तूची किंमत कुणी ठरवायची?

आपल्या समाजातली आडनावे एका रांगेत मांडून पाहा. अत्तार, बागवान, मन्यार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी, रंगरेज, कागझी. हा जुन्या आठवडी बाजाराचा नकाशाच आहे. कुणी अत्तर विकायचा, कुणी फळे आणि भाजी, कुणी बांगड्या भरायचा, कुणी विळ्या-कात्र्यांना धार लावायचा, कुणी कापूस पिंजायचा, कुणी कापड रंगवायचा, कुणी कागद बनवायचा. मराठी मुसलमानांचा इतिहास म्हटले की लोक सुलतान, किल्ले आणि लढायांकडे वळतात. पण आपल्यातल्या बहुसंख्यांचे पूर्वज किल्ल्यावर नव्हते. ते बाजारात पथारी पसरून बसले होते. मी उर्दू आणि मराठी शिकवते. हजेरी घेताना ही नावे रोज तोंडी येतात, पण आपल्या आडनावाचा अर्थ विचारला तर फार थोडी मुले सांगू शकतात.

या पथारीवरच्या माणसासमोर एक प्रश्न कायम असायचा आणि तो आजही सुटलेला नाही. हाताने केलेल्या वस्तूची किंमत कुणी ठरवायची? करणाऱ्याने, घेणाऱ्याने की मधल्या दलालाने? या प्रश्नावर आपल्या वर्धा जिल्ह्यात जेवढा विचार झाला, तेवढा देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

सुरुवात गिरडपासून करू. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. बाबांची कबर पाकपट्टनला आहे, पण त्यांनी गिरडला मुक्काम केला अशी इथली श्रद्धा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही इथे जियारतीला येतात. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली एक कथा इथे सांगतात. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. टेकडीवर सापडणारे नारळ-सुपारीच्या आकाराचे दगड म्हणजे तोच माल, असे लोक म्हणतात. व्यापाऱ्यांनी माफी मागितली. बाबांनी वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. मग ते दोघे बाबांच्या सेवेतच राहिले. कथा सुंदर आहे, आणि एका गोष्टीसाठी मला ती महत्त्वाची वाटते. तिच्यात माल आहे, व्यापारी आहे, वली आहे. पण तो माल पिकवणारा किंवा बनवणारा कुठेच नाही. बाजाराच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. कारागीर त्यात दिसत नाही.

जुना बाजार फार न्यायाचा होता असेही समजू नये. कोष्टी, महार आणि मोमीन कापड विणायचे, बुरूड टोपल्या करायचा, कुंभार मडकी. त्यांची वस्तू घरात घेतली जायची, पण त्यातल्या अनेकांना उंबऱ्याबाहेर उभे केले जायचे. ज्याला दाराशी थांबवले जाते, तो भाव काय ठरवणार? तरी एक गोष्ट होती. करणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते.

ही ओळख रेल्वेने तोडली. वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला आणि 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेपर्यंत प्रसिद्ध होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक कापूस आयुक्त नेमलेला होता. त्याने त्या काळातल्या आपल्या अहवालात उघडच लिहिले आहे. रेल्वेचा फाटा या भागात आला की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. म्हणजे इथे सूत होणारा कापूस बाहेर पाठवता येईल, आणि सूत कातणारे व विणणारे लोक शेतमजुरीला मोकळे होतील. एका ओळीत हजारो हातांचा हिशेब झाला. या भागातले कारागीर आळशी होते म्हणून मागे पडले, असे कुणी म्हणाले तर त्याला हा अहवाल दाखवावा.

पिंजाऱ्यांचे काय झाले ते यातच आले. पिंजारी म्हणजे कमानीच्या तारेवर कापूस पिंजून तो मोकळा करणारा कारागीर. त्या कापसाचे पेळू होतात आणि पेळूंतून सूत निघते. सरकी काढायचे आणि पिंजायचे काम यंत्रांकडे गेले, हातसूत बंद पडत गेले, आणि पिंजारी गाद्या-रजया भरण्यापुरता उरला.

गांधीजींना खादीसाठी या पिंजाऱ्याला शोधावे लागले, ही गोष्ट त्यांनी आत्मकथेत लिहिली आहे. हे वर्ध्याला येण्यापूर्वीचे, गुजरातमधले. चरखा सापडला, पण पेळू मिळेनात. तेव्हा गंगाबेन मजमुदार यांनी एक पिंजारी शोधून काढला. त्याने महिन्याला 35 रुपयांच्या आसपास मागितले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती, पण गांधीजींना ती जास्त वाटली नाही. मला या प्रसंगात पिंजारी मोठा वाटतो. ज्याच्या हुनराची कुणाला गरज उरली नव्हती, त्याने गरज पडताच आपली किंमत स्वतः सांगितली. आणि समोरच्याने घासाघीस केली नाही.

पुढे याच प्रश्नाचे केंद्र वर्धा झाले. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत त्याचे काम सुरू झाले. मगनलाल गांधींच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. जे. सी. कुमारप्पा संघाचे सचिव होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, साबण, गूळ अशा उद्योगांवर तिथे प्रयोग झाले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ते आजही वर्ध्यात आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती ऑक्टोबर 1935 मध्ये. तोपर्यंत खादीचा प्रयत्न कापड जमेल तितके स्वस्त ठेवण्याचा होता. त्याचा भार पडत होता कातणाऱ्या बायांवर. त्यांची मजुरी सगळ्यात कमी होती. गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असे सुचवले. तेवढे देणे चरखा संघाला झेपणारे नव्हते. तरी वर्ध्याच्या बैठकीत संघाने ठराव केला की आठ तासांच्या चांगल्या कामाला निदान पोटभर अन्न आणि अंगभर कपडा मिळेल इतकी मजुरी दिलीच पाहिजे. कोणते अन्न किती लागते याचा शास्त्रीय हिशेब धरून ती ठरवायची होती. खादी महागणार आणि खप घटणार, ही भीती कार्यकर्त्यांना होती. ठराव तरीही झाला.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. बाजारात किंमत आधी ठरते आणि मजुरी मागून, जे उरेल त्यातून. वर्ध्यात हा हिशेब उलटा मांडला. आधी करणाऱ्याची भाकरी, मग कापड, मग किंमत.

कुमारप्पांनी यात घेणाऱ्यालाही सोडले नाही. आपण एखादी वस्तू घेतो तेव्हा ती कशी बनली, कुणाला पिळून बनली, याची जबाबदारीही घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे मोजले की माझा संबंध संपला, असे म्हणता येत नाही.

जत्रेचा विचारही बदलला. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गवतासारख्या साध्या साहित्यातून ती नगरी सजवली. सोबत खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन होते. वस्तू खपवणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. ती कशी होते ते लोकांनी पाहावे, हा होता. काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस भाव पाडताना जरा अडखळतो.

हातकागदाचेही असेच. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मुसलमान कागझी कुटुंबांच्या हातात होती. दौलताबादजवळचे कागझीपुरा, जुन्नर, पुण्यातले कागदीपुरा ही त्यांची ठिकाणे. पेशवे दप्तरातली मोडी पाने पाहिली की आपण लिहिणाऱ्याचे नाव शोधतो. ज्या कागदावर ते लिहिले, तो करणाऱ्याचे नाव शोधत नाही. मगनवाडीने हा मरणपंथाला लागलेला उद्योग पुन्हा हाती घेतला.

आता माझ्या पेशाशी जवळची गोष्ट. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे आणि त्यांच्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. पुढे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे नंतर राष्ट्रपती झाले. मुस्लिम लीगने या योजनेवर मोठी टीका केली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण झाकिर हुसेन स्वतःही डोळे मिटून होकार देणारे नव्हते. कमाईवर फार भर दिला तर शिक्षक मुकादम होईल आणि मूल मजूर, हा धोका समितीच्या अहवालात स्पष्ट सांगितला आहे. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी दुसरा मुद्दा मांडला. शाळेतली मुले वस्तू विकू लागली तर गरीब कारागिराशीच त्यांची स्पर्धा होईल, आणि ती न्यायाची नसेल. ज्या वस्तूत कुणाच्या चुलीचा खर्च धरलेला नाही, ती नेहमीच स्वस्त पडणार.

हा दुसरा मुद्दा आज फार लागू आहे. आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी बाया भरतकाम, जरीकाम, क्रोशाचे विणकाम, शिवणकाम करतात. बरेचसे काम दलालामार्फत नगावर येते. वेळेचा हिशेब कुणीच ठेवत नाही, कारण बाईने घरात बसून घालवलेला वेळ मोफत धरलेला असतो. बचत गटाचा स्टॉल मिळाला तर माल थेट विकता येतो, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथेही किंमत शेजारच्या स्टॉलवरच्या यंत्राच्या मालाकडे पाहून ठरते. ‘फावल्या वेळात केलंय’ असे बाई स्वतःच म्हणते आणि भाव उतरवते. आपल्या आडनावात हुनर आहे, पण हुनराची किंमत सांगायची सवय गेली आहे.

काय करता येईल? मोठ्या योजनेची वाट न पाहता एक लहान गोष्ट शाळेतून करता येते. बाल आनंद मेळाव्यात मुले वस्तू विकतात, नफा किती झाला ते फळ्यावर लिहितात आणि टाळ्या पडतात. त्याऐवजी प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी असावी. सामान किती रुपयांचे, काम किती तासांचे, आणि त्या तासाला आजची शेतमजुरी धरली तर किंमत किती. घरी अम्मी किंवा नानी जे काम करते, त्याचीही अशी चिठ्ठी मुलाने तिला विचारून लिहावी. आकडा पाहून घरात थोडी शांतता पसरेल. ती पसरू द्यावी.

वस्तू त्या भावाला लगेच विकली जाणार नाही, हे मला माहीत आहे. 1935 सालीही तीच भीती होती. पण खरा आकडा एकदा कागदावर आला, की पुढच्या बाजारात भाव कमी करायचा की नाही, हे निदान करणारीला समजून उमजून ठरवता येईल. आज ते तिच्या वतीने दुसराच कुणीतरी ठरवतो आहे.