उसण, हाडवैद्य आणि शिकाऊ हात

हाताने हाड बसवण्याची विद्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावात आणि एकूणच मराठवाड्यात दोन ठिकाणी जपली गेली: हाडवैद्याच्या घरात आणि तालमीत. कुस्तीत खांदा निखळणे, मनगट मुरगळणे नित्याचे, त्यामुळे वस्तादाला डावपेचांबरोबर सांध्यांचीही जाण लागे. निखळलेला सांधा ओढून बसवायचा, सुजेवर गूळ-चुन्याचा किंवा आंबेहळदीचा लेप द्यायचा, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळायची, हा क्रम ठरलेला. पाठीत उसण भरली तर हाडवैद्यही लागत नसे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा पायाळू माणूस गाठायचा आणि दुखऱ्या जागी त्याचा पाय लावून घ्यायचा. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र शेवटी जो हात किंवा पाय लागला त्याला मिळते.

या विद्येचा ग्रंथाधार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार सांगितले आहेत. निखळलेला खांदा काखेत मुसळ घालून वर उचलावा, मोडलेल्या अवयवाला वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली लावून बांधावे आणि पट्टी थंडीत 7, मध्यम ऋतूत 5 व उन्हाळ्यात 3 दिवसांनी बदलावी, असा तपशील तिथे येतो. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट झाली तर सूज, वेदना आणि कातडीला पू होतो, हा इशाराही आहे. गावच्या हाडवैद्याची सर्वांत घातक चूक आजही हीच असते: आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटतो, बोटे काळी पडतात आणि प्रसंगी हात गमवावा लागतो. त्याच ग्रंथात शिष्याच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळ्यासारख्या फळांवर आणि पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करून मगच रोग्याला हात लावावा, असा त्याचा दंडक. हाडवैद्याच्या घरात हा टप्पाच नव्हता. तिथे मुलगा बापाशेजारी बसून बघे आणि पहिला सराव थेट रोग्यावरच होई.

माजलगाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे वैद्यकीय शिक्षण राजधानीत एकवटलेले. तिथे 1846 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, पुढे युनानीसाठी निजामिया तिब्बी कॉलेज उभे राहिले. शेजारच्या मुंबई इलाख्यात 1938 च्या कायद्याने देशी वैद्यांची नोंदणी सुरू झाली. तो कायदा बीड जिल्ह्याला लागू नव्हता. हाडवैद्याला सनद नव्हती आणि ती कोणी मागतही नव्हते.

शरीराच्या हालचालींचे उपचार महाविद्यालयात शिकवण्याची सुरुवात मुंबईत झाली. जन्माने अमेरिकन असलेल्या, पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी म्हणजे कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. पाठोपाठ त्याच रुग्णालयात भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओने पांगळी झालेली मुले हे तेव्हाचे मोठे कारण. भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना 1955 मध्ये स्थापन झाली.

मराठवाड्यात औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये आणि बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 मध्ये आले. माजलगावच्या रुग्णाला शिकाऊ डॉक्टरचा हात लागू लागला तो अशा रुग्णालयांमुळे. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातील फिजिओथेरपीचे अभ्यासक्रमही त्याच्या छत्राखाली आले.

अशा महाविद्यालयाच्या ओपीडीत केस आधी विद्यार्थी घेतो. दुखणे कधी सुरू झाले, पायात मुंग्या येतात का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, हे तो विचारतो. सांधा किती वळतो ते कोनमापकाने मोजतो आणि निष्कर्ष शिक्षकापुढे ठेवतो. शिक्षक रुग्णाला पुन्हा तपासतो. मणका हलवण्याचे तंत्र विद्यार्थ्यांनी आधी एकमेकांवर केलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीत हाताच्या जोराच्या चार पायऱ्या आहेत. पाचवी म्हणजे झटका, आणि ती शिकाऊ हाताकडे सहजासहजी दिली जात नाही. रुग्णाला एकच प्रश्न दोनदा ऐकावा लागतो, वेळ जातो आणि त्याची कुरकुर रास्तच असते. पण हाडवैद्याच्या घरात नसलेली दुसरी नजर त्याला इथे मिळते.

हाच झटका कायरोप्रॅक्टिकचा कणा आहे. डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्टला हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. दोन वर्षांत शाळाही काढली. तो दावा विज्ञानाने स्वीकारलेला नाही. कंबरदुखीत या उपचाराचा काहीसा उपयोग दिसतो, तर मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये घालून दिलेल्या मानकांत पूर्ण शिक्षणासाठी किमान 4,200 तास आहेत आणि त्यांपैकी 1,000 तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. भारतात या शाखेची वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवरचा शब्द पाहून मागचे शिक्षण ओळखता येत नाही.

बीड जिल्ह्यात पाठीच्या दुखण्याचे मूळ बहुतेकदा ऊसतोडीत असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेऊन कारखान्यावर गेलेली ही जोडी दिवसभर वाकून ऊस तोडते आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तपासणी, एक्स-रे, आठवड्यातून तीनदा व्यायाम, हा महाविद्यालयाचा क्रम या हिशेबात बसत नाही. हाडवैद्य संध्याकाळी कळ काढतो आणि माणूस सकाळी फडात उभा राहतो. अज्ञानापेक्षा हे अर्थकारणच हाडवैद्याकडची गर्दी टिकवून आहे.

संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्टांचे शिक्षण आणि नोंदणी त्याच्या कक्षेत आली. हाडवैद्य त्यात नाही.