समलिंगींची संघटना आणि बाबासाहेबांनी हरलेला खटला

बाबासाहेबांच्या जिंकलेल्या लढाया आपल्याला तोंडपाठ आहेत. हरलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना एक हार घरोघरी माहीत आहे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच जिल्ह्यानं बाबासाहेबांना पाडलं. म्हातारी माणसं अजून त्यावर हळहळतात. पण त्याच्या वीस वर्षं आधीची, मुंबईच्या कोर्टातली एक हार आपल्या भाषणांत येत नाही. ती सांगतो.

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे. महाडचा सत्याग्रह झाला 1927 ला, हे मासिकही त्याच वर्षी निघालं. संततिनियमन, गुप्तरोग, बाईमाणसाचं शरीर यावर लिहायचं. वाचकांच्या पत्रांना त्यात उत्तरं असायची. लोक विचारायचे हस्तमैथुनाबद्दल, पुरुषाच्या पुरुषाशी संबंधाबद्दल. कर्वे न लाजता सांगायचे. या उत्तरांपायी 1934 मधे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते. साऱ्या देशाचं ओझं डोक्यावर असलेला माणूस या पत्रांसाठी कोर्टात उभा राहिला. म्हणणं सरळ होतं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही. वाचक विचारतो तर त्याला उत्तर का देऊ नये? ज्याला तुम्ही विकृती म्हणता ती ज्ञानाशिवाय जाईल कशी? कोर्टाला पटलं नाही. कर्व्यांना दंड झाला, बाबासाहेब हरले.

मी काही बाबासाहेबांच्या तोंडी आजची भाषा घालत नाही. ते समलिंगींचे पुढारी नव्हते. त्यांनी बाजू घेतली ती प्रश्न विचारणाऱ्याची. पण समलिंगींच्या संघटनेचा इतिहास माझ्या लेखी तिथूनच सुरू होतो. कारण प्रश्न टाकायला एक पत्ता आणि उत्तर द्यायला एक माणूस, यातूनच ती संघटना उभी राहते. मराठीत तसा पत्ता 1953 ला कर्वे गेले तेव्हा पुसला गेला.

हा विषय तू कायले घेतला, असं मित्र विचारतात. मी तुमसरच्या बाजूला राईस मिलमधे पोती उचलतो. मी बौद्ध आहे आणि मी समलिंगी आहे. म्हणून घेतला. मिलमधे मुकादमानं चालण्यावरून 'बायल्या' म्हटलं तर सगळी पाळी हसते. जातीवरून बोलला असता तर त्यातले चार जण तरी माझ्या बाजूनं उभे राहिले असते. या दोन शिव्यांतला फरक कुठून आला, ते शोधता शोधता मी हा इतिहास वाचला.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण घेऊ. डेन्मार्कमधे समलिंगी संबंध 1933 पासून गुन्हा राहिला नव्हता. म्हणजे आपल्याकडे बाबासाहेब तो खटला लढवत होते त्याच्या आदल्या वर्षी तिथला कायदा गेला. तरी माणसं लपूनच राहायची. 1948 च्या जूनमधे आल्बोर्ग नावाच्या गावात थोड्या लोकांनी मंडळ काढलं. आल्बोर्ग काही राजधानी नव्हे. पुढाकार घेणारा अ‍ॅक्सेल, पुढे अ‍ॅक्सगिल या आडनावानं ओळखला गेला. त्याचं नाव उघड झालं आणि नोकरी गेली, राहती जागाही गेली. कायदा त्याच्या बाजूनं असून गेली. मंडळ मात्र वाढलं. नॉर्वे आणि स्वीडनमधे 1950 मधे त्याच्या शाखा निघाल्या, पुढे त्या स्वतंत्र झाल्या. 1949 पासून त्यांच्यातल्या लोकांनी 'वेनन' नावाचं मासिक चालवलं. वेनन म्हणजे मित्र.

आपल्याकडे मुंबईत 1990 मधे समलिंगींचं पत्रक निघालं त्याचं नाव 'बॉम्बे दोस्त'. दोन्हीकडच्या माणसांना पहिला शब्द सुचला तो हाच. 'बॉम्बे दोस्त' काढणारे अशोक राव कवी पत्रकार होते. त्यांनी 1986 मधेच एका इंग्रजी मासिकात आपण समलिंगी असल्याचं नावानिशी सांगितलं होतं. तेव्हा कलम 377 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. हा इंग्रजांनी 1860 मधे लिहिलेला कायदा. इंग्रज गेले, कायदा राहिला. पत्रकामागोमाग माणसं जमली आणि 1994 मधे 'हमसफर ट्रस्ट' झाला. पुढे सांताक्रूझला वाकोल्यात महानगरपालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. 1995 मधे मुंबईतच बायांनी 'स्त्री संगम' हा आपला गट काढला. पुण्यात 2002 मधे बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. 'बॉम्बे दोस्त' मुख्यतः इंग्रजी. त्यामुळं माझ्यासारख्याला हे सगळं कळलं ते अशा मराठी लिहिण्यातून.

विदर्भात नागपूरला 'सारथी ट्रस्ट' उभा राहिला. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. जिल्ह्याजिल्ह्यात या कामाला पैसा आला तो बहुतेक एड्सच्या प्रकल्पांतून. तपासणी झाली, औषध मिळालं, जीव वाचले. हे मोठंच काम. पण प्रकल्पाच्या वहीत माणूस रोगाच्या धोक्यानं मोजला जातो. घरचे लग्न लावून देऊन राहिले, मिलवर हसतात, जातीचा म्हणून खोली मिळत नाही आणि असा म्हणूनही मिळत नाही, याला त्या वहीत रकाना कुठला?

कायद्याचं सांगायचं तर दिल्ली हायकोर्टानं 2009 मधे मोकळं केलं, सुप्रीम कोर्टानं 2013 मधे पुन्हा बांधलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी कायमचं सोडवलं. निकालात घटनात्मक नैतिकतेचा आधार आहे. हा शब्द बाबासाहेबांनी घटना समितीत समजावून सांगितला होता. म्हणजे 1934 ला ते ज्या कोर्टांपुढं हरले, त्यांच्या वरच्या कोर्टात 84 वर्षांनी त्यांचाच शब्द कामी आला. पण अ‍ॅक्सेलचं काय झालं ते वर सांगितलंच. कायदा गेल्यावरही नोकरी जाते, खोली जाते. तेव्हा सोबत माणसं लागतात.

आपल्या चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात, "हे आपलं काम नाही होय बापा, हे मोठ्या घरच्यांचे चोचले." मोठ्या घरच्या पोराला पळून जायला मुंबई आहे, दिल्ली आहे. माझ्यासारख्याला धानाचा सिझन सोडता येत नाही. मग हे काम कोणाचं? वंचित बहुजन आघाडीनं 2019 मधे दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्रीला प्रवक्तेपद दिलं. दार उघडतं, उघडणारा पाहिजे.

बाबासाहेबांनी त्या पत्रांसाठी वकिली केली तेव्हा हे माझं काम नव्हे असं म्हटलं नाही. आपण निदान पत्ता तरी देऊ. गावोगावी आपली वाचनालयं आहेत, विहारं आहेत. जयंतीच्या मंडळाजवळ खुर्च्या आहेत, लाऊडस्पीकर आहे. महिन्यातून एक संध्याकाळ तिथं असं पोर येऊन बसू शकलं आणि कोणी हसलं नाही, तर भंडारा जिल्ह्यात संघटना सुरू झाली असं मी समजेन.

तोवर या अंकावर छापलेल्या पत्त्यावर पत्र टाका. नाव लिहू नका. उत्तर मी लिहीन.