उंदीर पडला की घर सोडावं

टोकावड्याच्या आमच्या घरात एक वाक्य माझ्या लहानपणापर्यंत टिकून होते : ‘उंदीर पडला की घर सोडावं.’ आजी ते म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात भीती नसे. पावसाआधी राब भाजावा, झोडणी झाली की पेंढा रचून ठेवावा, तशातलाच तो एक नेम. तिने स्वतः प्लेग पाहिला नव्हता. तिच्या सासूने पाहिला होता. साथ आली तेव्हा माणसे कवाडे लावून माळावर गेली, कारवीच्या कुडाची खोपटी उभारून राहिली आणि साथ ओसरल्यावर घरे सारवून परतली, एवढीच ती हकिगत. उंदीर ‘पडतो’ म्हणजे आढ्यावरून मरून खाली पडतो. तो कशाने मरतो हे आजीला ठाऊक नव्हते. तो मेल्यावर काय करायचे हे ठाऊक होते.

पुढे प्लेगचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा या वाक्याची किंमत कळली. १८९६ नंतरची काही वर्षे सरकारने हा रोग माणसाच्या अंगावर शोधला. खेड्यांनी तो घरात शोधला. प्लेगचा जिवाणू कसा जगतो आणि कसा पसरतो हे आज आपल्याला कळते, त्यावरून पाहिले तर खेड्यांचे म्हणणे सत्याच्या जास्त जवळ होते. पूर्ण सत्य मात्र तेही नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची वखार. १८९४ मध्ये हाँगकाँगला हाच रोग उसळला होता आणि तिथेच अलेक्सांद्र येर्सँ यांनी त्याचा जिवाणू शोधून काढला होता. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा रोगाचे कारण माहीत होते. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे माहीत नव्हते. त्या अज्ञानाच्या जागी संशय बसला. हवा, घाण, अंधार आणि मुख्यतः माणूस यांच्यावर तो संशय होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरे तपासली गेली, सामान जाळले गेले, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत नेले गेले. रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून त्यांच्या जांघा-काखा चाचपल्या जाऊ लागल्या. कल्याण हे अशा तपासणीचे मोठे ठाणे होते, कारण पुण्याची आणि नाशिकची वाट तिथेच फुटते. पुण्यात या तपासण्यांतून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे सर्वांना माहीत आहे.

कल्याणला माणसे तपासली जात होती, पण गोण्या पुढे जात होत्या. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि पुढे माळशेज घाट ही वाट जुन्नरच्या मुलखाला कोकणाशी जोडते. बैलगाडीच्या काळात धान्य, मीठ, कापड आणि बारदान यांची ने-आण अशाच वाटांनी चाले. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा आणि घोंगड्यांचा बाजार होतो. मुंबईत प्लेगचा जोर असायचा तो नेमका जानेवारी ते एप्रिल. पुढे झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की उंदरावरची पिसू धान्याच्या पोत्यात आणि कपड्यालत्त्यात बसून लांबचा प्रवास करते. प्रवाशाच्या काखेत गाठ नसली तरी त्याच्या वळकटीत रोग असू शकत होता.

पिसूचे नाव प्रथम ठामपणे घेतले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. मुंबईत काम करून तो कराचीला गेला. २ जून १८९८ रोजी त्याने प्लेगने मरायला टेकलेला, पिसवांनी भरलेला एक उंदीर काचेच्या भांड्यात ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर शेजारी ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ शकत नव्हता, पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. त्या वेळच्या प्लेग आयोगाने हा पुरावा मानला नाही.

त्यावर शिक्कामोर्तब झाले ते आपल्या परळमध्ये. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून होती. तिलाच पुढे १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. तिथे काम करणाऱ्या ग्लेन लिस्टन यांनी एका चाळीची हकिगत नोंदवली आहे. एप्रिलमध्ये तिथे उंदीर मरू लागले. काही दिवसांनी लोकांना पिसवांचा इतका त्रास होऊ लागला की ते खोल्या सोडून ओसरीवर झोपू लागले. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांच्यातल्या काहींना प्लेग झाला. माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांपैकी जवळजवळ निम्म्या उंदरांच्या होत्या. १९०५ पासून नव्या आयोगाने प्लेगच्या घरांत गिनिपिगांचे पिंजरे ठेवून पाहिले. जमिनीलगत ठेवलेले गिनिपिग मेले. तिथेच दोन फूट उंच टांगलेले वाचले. ज्यांच्या भोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा पसरला होता तेही वाचले. हवा सर्वांना एकच होती. फरक होता तो पिसूच्या उडीच्या उंचीचा.

आयोगाने आणखी एक क्रम टिपला. मुंबईत आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ येई, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा त्याला सोडतात. आधी त्या दुसरा उंदीर शोधतात. उंदीर संपले आणि भूक अनावर झाली की माणसाला चावतात. माणसाला ताप यायला पुढे दोन ते सहा दिवस लागतात. आजीच्या वाक्यातला ‘उंदीर पडला की’ हा भाग म्हणजे हीच सवड. पहिला उंदीर पडतो तेव्हा घर सोडायला अजून काही दिवस हातात असतात. पहिला माणूस पडतो तेव्हा ते संपलेले असतात.

भुकेली पिसूच इतकी घातक का, याचे उत्तर १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकॉट आणि मार्टिन यांनी दिले. प्लेगचे जिवाणू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढतात आणि एकमेकांना चिकटून तिथे बोळा बसवतात. पिसू रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. ती उपाशीच राहते म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि दर वेळी बोळ्यावर आपटून परत येणारे रक्त जिवाणू घेऊन जखमेत उलटते. पिसूची भूक हे जिवाणूचे वाहन आहे. फार उष्ण हवेत हा बोळा नीट टिकत नाही आणि कोरड्या उन्हाळ्यात पिसवाही लवकर मरतात, म्हणून मुंबईतली साथ दर वर्षी मे-जूनपर्यंत ओसरे.

माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरात गेल्यावर जिवाणू वेगळा वागतो. पिसूच्या अंगातली ऊब कमी, आपल्या अंगातली ३७ अंशांची. ही ऊब लागताच तो आपले बाह्य कवच बदलतो, त्यामुळे शरीराला धोक्याची सूचना उशिरा मिळते. ज्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला येतात त्यांना तो सुईसारख्या नळीने विषारी प्रथिने टोचून लुळे करतो. तिथून तो जवळच्या रसग्रंथीत जाऊन वाढतो. तीच जांघेतली किंवा काखेतली गाठ. गाठ फुटून तो रक्तात उतरला की औषधाविना निम्म्याहून अधिक रोगी दगावत.

इतके जहरी असण्यात त्याचा काय फायदा? पिसू एका वेळी पिते ते रक्त थेंबाचा बारीकसा अंश. तेवढ्यातून तिला लागण व्हायची तर उंदराच्या रक्तात एका मिलिलिटरला दहा कोटींच्या घरात जिवाणू हवेत. रक्तात एवढी गर्दी झालेला प्राणी सहसा जगत नाही. उंदराचे मरण हे जिवाणूने पिसूत चढण्यासाठी भरलेले भाडे आहे. या हिशेबात माणूस बहुधा कुठेच बसत नाही. गाठीच्या प्लेगचा रोगी क्वचितच दुसऱ्याला रोग देतो. तिथे जिवाणूची वाट सहसा संपते. ज्याच्या मागे शिपाई लागले तो रोगाचा प्रवासी नव्हता, शेवटचा थांबा होता. रोग फुप्फुसात उतरला तर मात्र हे खरे राहत नाही. मग तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो आणि फार वेगाने मारतो.

म्हणून माळावर जाणे शहाणपणाचे होते. पुढे सरकारनेही गावे खाली करण्याचा मार्ग स्वीकारला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतलेली लसही हळूहळू लोकांपर्यंत पोचली. पण घर सोडण्यालाही किंमत होती. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पळाली आणि तिच्या गाठोड्यांबरोबर पिसवाही गेल्या. माळावर जाताना अंथरूण उन्हात न घालता नेले तर रोग खोपटात येई. ज्याची कणगी भरलेली त्याला ती सोडून जाणे जड, आणि ज्याला रोजच्या मजुरीवर जगायचे त्याला काम सोडून माळावर बसणे परवडणारे नव्हते. हिंदुस्थानात वीसएक वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली. एकट्या १९०७ मध्ये तेरा लाखांच्या आसपास.

आजीच्या वाक्यात काय उणे होते, ते मराठवाड्याने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही लोक भीतीने घरे सोडून बाहेर शेडमध्ये राहू लागले. धान्य घरातच राहिले. माणसांचा वावर थांबला, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि १९६६ नंतर प्रथमच देशात प्लेगचे नाव ऐकू आले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे गाड्या भरून पळाली. स्थानकास्थानकांवर पुन्हा प्रवासीच तपासले जाऊ लागले. या वेळी टेट्रासायक्लिन होते, म्हणून मृत्यूंचा आकडा पन्नासच्या थोडा पुढे थांबला.

मामल्यात माणसे घराबाहेर होती, तरी रोग आलाच. कारण घर सोडणे म्हणजे नुसते माणसाने बाहेर पडणे नव्हे. उंदीर, धान्य आणि माणूस यांची एका छपराखालची सोबत मोडणे. माळावर गेलेल्या आमच्या पूर्वजांनी ती काही आठवड्यांपुरती मोडली. कायमची मोडायची तर धान्याला वेगळी कोठी लागते, गोदामाला जोते लागते, मेलेल्या उंदराची खबर घेणारा कोणीतरी लागतो.

दिवाळीच्या सुमारास टोकावड्यात अजूनही भात घरात येते. कणग्या जाऊन पत्र्याच्या कोठ्या आल्या आहेत. त्या कोणी प्लेगच्या भीतीने घेतल्या नाहीत, पण उंदराला त्यात शिरता येत नाही. आजीचे वाक्य आता कोणी म्हणत नाही. साथ आली की ‘कोणी आणली?’ हा प्रश्न मात्र आम्ही सगळेच आधी विचारतो. तिच्या सासूने तो विचारला नव्हता. तिने वर आढ्याकडे पाहिले होते.