उष्णतेला तोंड देणारी मांसल गुरे : भारतीय वंश, परदेशी नोंदवही

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात उष्णतेची लाट आली आणि अवघ्या काही दिवसांत किमान २ हजार गुरे दगावली. ही गुरे कुपोषित वा आजारी नव्हती. भरपूर खुराकावर वाढवलेली, बाजारात नेण्याजोगे वजन झालेली ती जनावरे होती. पारा ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला, हवेत दमटपणा वाढला, वारा पडला आणि रात्रीही हवा थंड झाली नाही. दिवसभर शरीरात साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकण्याची संधी न मिळाल्याने ही हानी झाली.

त्याच काळात दक्षिण गोलार्धातील ब्राझीलमध्ये २० कोटींहून अधिक गुरे उष्ण कटिबंधातील गवताळ कुरणांवर चरत होती. त्यांतील बहुसंख्य गुरे 'नेलोर' या वशिंडधारी जातीची अथवा तिच्या संकरातून झालेली आहेत. या जातीचे नाव आंध्र प्रदेशातील नेल्लूर जिल्ह्यावरून पडले असून तिचे मूळ त्याच राज्यातील ओंगोल जातीत आहे. तापमानवाढीच्या काळात मांसल गुरांच्या पैदाशीत भारतीय वंशाला आलेले महत्त्व, त्यामागील शरीरशास्त्र आणि कळपाच्या आनुवंशिक सुधारणेची पद्धत यांचा हा आढावा.

उष्णतेचा हिशेब

गायीचे सामान्य शरीर-तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. कोठीपोटात चारा आंबताना बरीच उष्णता निर्माण होते. वाढ जितकी जलद आणि आहार जितका अधिक, तितकी ही उष्णताही अधिक. हवा थंड असेल तर ती कातडीवाटे सहज निघून जाते. हवेचे तापमान कातडीच्या तापमानाजवळ पोहोचले, की घाम आणि धाप यांवाटे होणारे बाष्पीभवन हाच मार्ग उरतो. दमट हवेत तोही अडतो. म्हणूनच पशुवैज्ञानिक केवळ पारा न पाहता तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक वापरतात.

उष्णतेचा ताण वाढला, की जनावर प्रथम चारा कमी करते आणि वजनवाढ मंदावते. प्रजननावर होणारा परिणाम अधिक दूरगामी असतो. वळूच्या वीर्याची प्रत घसरते आणि ती पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागतात. गायींचा माज मंद होतो, गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूण नष्ट होण्याचे प्रमाण वाढते. मेलेले जनावर दिसते. न जन्मलेले वासरू दिसत नाही. उष्ण प्रदेशातील पशुपालकाचे मोठे नुकसान बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते.

पाळीव गुरांचे दोन मुख्य वंश मानले जातात. युरोपातील बहुतेक जाती बिनवशिंडाच्या 'टॉरस' वंशातील आहेत, तर वशिंडधारी 'इंडिकस' वंश सिंधू खोऱ्याच्या परिसरात सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. या दुसऱ्या वंशाची कातडी सैल आणि केस आखूड व तुकतुकीत असतात. फिकट केसांखालील गडद कातडी सूर्यकिरणांपासून संरक्षण देते. घर्मग्रंथी आकाराने मोठ्या, संख्येने अधिक आणि पृष्ठभागाच्या जवळ असतात. चयापचयाचा मूळ वेगही कमी असल्याने शरीरात निर्माण होणारी उष्णताच मर्यादित राहते. या वंशाचे आरंभिक अवस्थेतील भ्रूणदेखील उष्णतेचा आघात अधिक सोसतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्याला गोचिडांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीची जोड मिळते.

दक्षिण भारतातून दक्षिण अमेरिकेत

अमेरिकेत वशिंडधारी गुरांची पहिली नोंद १८४९ सालची, दक्षिण कॅरोलायना राज्यातील आहे. त्यानंतर १८५४ मध्ये लुइझियानातील ऊस व कापूस बागायतदार रिचर्ड बॅरो यांना ब्रिटिश सरकारकडून दोन वळू भेट मिळाले. १९०६ मध्ये टेक्सासमधील पशुपालकांनी थेट भारतातून गुरे नेली. मेक्सिकोच्या आखातालगतच्या दमट, गोचीडग्रस्त कुरणांत युरोपीय जाती टिकत नव्हत्या, हे या आयातीमागील मुख्य कारण होते. १९२४ मध्ये पैदासकारांची संघटना स्थापन झाली आणि नव्या जातीस 'ब्राह्मन' हे नाव मिळाले. तिच्या जडणघडणीत गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्यासह, तुलनेने कमी प्रमाणात, कृष्णाकाठच्या 'कृष्णा व्हॅली' जातीचाही वाटा आहे. सांगली, सातारा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातील काळ्या, चिकट जमिनीच्या नांगरटीसाठी घडवलेली ही जात होती. अमेरिकेत गेलेल्या वशिंडधारी गुरांची नोंदलेली एकूण संख्या ३०० पेक्षाही कमी होती.

ब्राझीलमधील आयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. १८७८ मध्ये रिओ दि जानेरो प्रांतातील पशुपालक मानोएल लेमग्रुबर यांनी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील प्राणिसंग्रहालयात ओंगोल गुरे पाहिली आणि एक जोडी विकत घेतली. १९३८ मध्ये या वंशाच्या अधिकृत वंशावळ-नोंदी सुरू झाल्या. मिनास जेराइस राज्यातील उबेराबा हे शहर त्यांचे केंद्र बनले. १९६०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या शेवटच्या मोठ्या आयातीतून 'कर्वदी' आणि 'गोदावरी' यांसारखे वळू तेथे पोहोचले आणि आजच्या नेलोर वंशावळीत त्यांची नावे वारंवार आढळतात. 'व्हियाटिना-१९' या नेलोर गायीच्या मालकीचा तिसरा हिस्सा २०२३ मध्ये लिलावात विकला गेला. त्यावरून तिचे एकूण मूल्य ४० लाख अमेरिकी डॉलरहून अधिक ठरले आणि जगातील सर्वांत महाग गाय म्हणून तिची नोंद झाली. तिचे वजन सुमारे १,१०० किलो आहे.

ओंगोल ही मुळात ओढकामाची आणि दुधाची जात. तिच्यापासून वेगळ्या गुणवत्तेची मांसल जात घडण्यामागे ब्राझीलच्या हवामानापेक्षा तेथील नोंदींचा वाटा मोठा आहे. प्रत्येक वासराची जन्मतारीख, माता-पिता, दूध तोडतानाचे वजन, वर्षाचे व दीड वर्षाचे वजन लिहिले गेले. वळूच्या वृषणांचा घेरही नियमितपणे मोजला जाऊ लागला. कारण तो अधिक असलेल्या वळूंच्या मुली सामान्यतः लवकर वयात येतात.

काटकपणाची किंमत

इंडिकस वंशाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कालवडी उशिरा वयात येतात. व्याल्यानंतर, विशेषतः वासरू पीत असताना, गाय पुन्हा माजावर येण्यास विलंब होतो. स्वभाव तुलनेने बुजरा असतो. मांसात वशिंडधारी वंशाचे प्रमाण वाढत जाते तसा त्याचा मऊपणा कमी होतो. वध केल्यानंतर मांस मऊ करणाऱ्या विकरांना रोखणारे 'कॅल्पास्टॅटिन' हे प्रथिन या वंशात अधिक क्रियाशील असते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

दोन्ही वंशांचे गुण एकत्र आणण्यासाठी विसाव्या शतकात संमिश्र जाती घडवल्या गेल्या. टेक्सासच्या किंग रँचवर ब्राह्मन आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून 'सांता गर्ट्रूडिस' ही जात तयार झाली. १९४० मध्ये तिला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली. तिच्यात वशिंडधारी वंशाचा वाटा तीन-अष्टमांश, तर युरोपीय वंशाचा पाच-अष्टमांश आहे. ब्राह्मन आणि अँगस यांपासून झालेल्या 'ब्रँगस' जातीतही हेच प्रमाण आहे.

या प्रमाणामागे एक गणित आहे. दोन भिन्न वंशांच्या पहिल्या संकरात संकरजोम पूर्ण मिळतो आणि वासरांची वाढ, जगण्याचे प्रमाण व प्रजनन या तिन्हींत तो दिसतो. त्याच संकरित जनावरांची आपापसांत पैदास केली की पुढील पिढीत तो निम्म्यावर येतो. तीन-अष्टमांश व पाच-अष्टमांश या प्रमाणात स्थिर केलेल्या जातीत मूळ संकरजोमाच्या सुमारे ४७ टक्के भाग टिकतो, असे गणिताने निघते. दरवर्षी नव्याने संकर करण्याची सोय नसलेल्या विस्तीर्ण कुरणांसाठी हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरला.

दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा यांनी वेगळी वाट धरली. मारा येथील संशोधन केंद्रात १९३७ पासून त्यांनी स्थानिक आफ्रिकानर गुरांचा हेरफर्ड व शॉर्टहॉर्न यांच्याशी संकर केला. भर उन्हात जनावरांचे शरीर-तापमान, श्वसनाचा वेग आणि केसांचा पोत मोजून निवड करण्यावर त्यांचा भर होता. त्यातून घडलेल्या 'बोन्समारा' जातीत कामगिरीच्या नोंदी ठेवणे पैदासकारांना बंधनकारक आहे. याच काळात टॉम लासेटर या अमेरिकी पैदासकाराने 'बीफमास्टर' जात घडवताना प्रत्येक गायीने दरवर्षी वासरू वाढवलेच पाहिजे, असा दंडक घातला; तो न पाळणारी गाय कळपाबाहेर जाई. रंग आणि शिंगांच्या आकाराला दोघांनीही दुय्यम मानले.

निवडीचे शास्त्र

कळपातील देखणे जनावर आनुवंशिकदृष्ट्या श्रेष्ठ असतेच असे नाही. चांगला चारा, आईचे भरपूर दूध किंवा अनुकूल हंगाम यांमुळेही वजन वाढते. म्हणून तुलना एकाच हंगामात जन्मलेल्या व एकाच कुरणावर वाढलेल्या समवयस्क जनावरांमध्येच केली जाते. जनावरांतील फरकाचा जेवढा अंश आनुवंशिक असतो, त्यास आनुवंशिकता गुणांक म्हणतात. समजा, एखादा वळू दीड वर्षाच्या वयात समवयस्कांच्या सरासरीपेक्षा ४० किलोंनी वजनदार आहे आणि या वजनाचा आनुवंशिकता गुणांक ०.४ आहे. त्या वळूचे अंदाजित पैदासमूल्य १६ किलो होते. वासराला पित्याकडून निम्मीच जनुके मिळत असल्याने सरासरी गायींपासून झालेल्या त्याच्या संततीत सुमारे ८ किलोंची वाढ अपेक्षित असते. हा लाभ छोटा वाटला, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो.

प्रजननक्षमतेचे गुण आनुवंशिक निवडीने फारसे बदलत नाहीत, असा समज दीर्घकाळ होता. उत्तर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने कालवडींच्या बीजांडकोशाची वारंवार तपासणी केली, तेव्हा ब्राह्मन कालवडी वयात येण्याच्या वयातील निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक असल्याचे आढळले. योग्य मोजमापाअभावीच हा गुण निवडीच्या आवाक्याबाहेर राहिला होता. काटक जातीच्या आतच लवकर वयात येणारी कुळे निवडता येतात, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

एकाच जनुकाने मोठा फरक पडल्याची उदाहरणे विरळ आहेत. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरील 'सेनेपोल' गुरांचे केस अतिशय आखूड व गुळगुळीत असतात. प्रोलॅक्टिन संप्रेरकाच्या ग्राहीशी संबंधित जनुकातील बदल त्यास कारणीभूत असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा गुण प्रभावी असल्याने माता-पित्यांपैकी एकाकडून मिळाला तरी वासरात उतरतो आणि अशी जनावरे उन्हात तुलनेने थंड राहतात. जनुक-संपादनाने हाच बदल घडवलेल्या दोन मांसल गुरांबाबत व त्यांच्या संततीबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये 'अल्प जोखीम' असा निर्वाळा दिला. मात्र आखूड केस म्हणजे संपूर्ण उष्णता-सहनशीलता नव्हे. घाम, चयापचय, गोचीड-प्रतिकार आणि निकृष्ट चारा पचवण्याची क्षमता यांमागे असंख्य जनुकांचा एकत्रित प्रभाव असतो.

केवळ वजनावर भर दिल्यास धोकाही संभवतो. जलद वाढणारे, मोठ्या अंगाचे जनावर अधिक उष्णता निर्माण करते. त्यामुळे वजनवाढीची एकांगी निवड काटकपणाच्या विरोधात जाऊ शकते. मोजक्या नामांकित वळूंच्या रेतनाचा अतिवापर झाला तर सगोत्र पैदास वाढते. थोड्या आयात जनावरांवर उभ्या राहिलेल्या परदेशी कळपांपुढे हा प्रश्न विशेषत्वाने आहे आणि त्यामुळे भारतातील मूळ वंशांचे वैविध्य जागतिकदृष्ट्याही मोलाचे ठरते.

भारतासाठी संदर्भ

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. बहुतेक राज्यांत गोवंश हत्येवर कायद्याने बंदी अथवा निर्बंध आहेत. निर्यात होणारे मांस म्हशींचे असते. येथे गायींच्या पैदाशीचे उद्दिष्ट दूध आणि ओढकाम हेच राहिले आहे. उष्णतेचा हिशेब मात्र दुधाळ गायीलाही तितकाच लागू आहे. २०१९च्या २०व्या पशुगणनेनुसार देशात १९.२५ कोटी गोवंश होता. त्यांपैकी सुमारे ५.०४ कोटी विदेशी व संकरित होता. याउलट देशी गोवंश २०१२च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटून १४.२१ कोटींवर आला. ट्रॅक्टरने ओढकाम घेतल्यानंतर कृष्णा व्हॅलीसारख्या जातींची संख्या रोडावली.

देशी जातींच्या संवर्धनासाठी डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील वाशिम येथे गायींसाठी 'गौ चिप' व म्हशींसाठी 'महिष चिप' या जनुकीय चाचणी-साधनांचे राष्ट्रार्पण झाले. अशा चिपमुळे वासरू लहान असतानाच त्याच्या पैदासमूल्याचा अंदाज बांधता येतो आणि वळूच्या मुली दूध देईपर्यंत थांबण्याची गरज उरत नाही. तथापि, चिप केवळ जनुकीय खुणा वाचते. त्या खुणांचा दुधाशी, वेतांतील अंतराशी वा उन्हातील टिकावाशी असलेला संबंध ठरवण्यासाठी हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदी लागतात. कानातील बिल्ला, जन्मतारीख, वळूचा क्रमांक, प्रत्येक वेताची तारीख आणि नियमित दूधमोजणी या साध्या बाबी गोठ्यागोठ्यांत किती नेमाने लिहिल्या जातात, यावरच या चाचणीचा उपयोग अवलंबून राहील.