१०१ च्या गाडीमागची माणसे

घरात कोणी छातीला हात लावून खाली बसले की आपला हात आपसूक टेलिफोनकडे जातो आणि बोट १०१ हे आकडे दाबते. मागेन दाविद आदोमची पांढरी गाडी दारात येते. तीतून उतरलेली तरुण मुले-मुली रोग्याला तिथेच प्राणवायू लावतात, हृदयाचा आलेख काढतात, शिरेत सुई घालतात आणि मगच गाडी हलते. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की पूर्वी असे नव्हते म्हटले तर आमच्या नातवंडांना खोटे वाटते. आमच्या लहानपणी अलिबाग-पेणकडे माणूस अत्यवस्थ झाला तर त्याला बैलगाडीत नाही तर एस. टी.च्या मागच्या बाकावर आडवे करीत, एक जण डोके मांडीवर घेई आणि बाकीचे देवाचे नाव घेत. वाटेत करण्यासारखे काही असते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

ह्यात आपल्या गरिबीचा भाग होता खरा, पण सगळा दोष गरिबीचा नव्हे. त्याच काळात श्रीमंत अमेरिकेत काय चालले होते ते पाहिले तर वाचकांना नवल वाटेल. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, १ लाख ७ हजार माणसे अपघातांत दगावली होती. अहवाल सांगत होता की देशातल्या जवळजवळ निम्म्या अॅम्ब्युलन्स अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवतात. कारण साधे होते: माणसाला आडवे नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे! रोगी वाटेत गेला तरी धंदा त्यांचाच, अशी विषारी थट्टा आमच्या जुन्या डॉक्टरांकडून आम्ही ऐकली आहे.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होते. कैद्यांना नेण्याच्या बंद गाडीत रोग्याला मागे ठेवायचे, दोन्ही पोलिसांनी पुढे बसायचे आणि गाडी पिटाळायची. मागे रोग्याची जीभ घशात पडली तरी पाहणारे कोणी नाही. हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या वस्तीत, जिथे बहुतेक सगळे काळे लोक राहत, तिथे तर पोलिसांची गाडी वेळेवर येईल की नाही आणि आल्यावर पोलीस कसे वागतील ह्या दोन्ही गोष्टींचा भरवसा नसे. पुष्कळ लोक बोलावतच नसत.

ह्याच शहरात डॉ. पीटर साफार हे भूलतज्ज्ञ १९६१ साली आले होते. जन्म व्हिएन्नाचा, १९२४ चा. नाझींच्या सैन्यातून सुटका व्हावी म्हणून ह्या गृहस्थाने अंगाला मलम चोळून कातडीवर पुरळ आणवले होते, अशी त्यांची हकीकत. बाल्टिमोरमध्ये असताना १९५० नंतरच्या दशकात त्यांनी असे प्रयोग केले की आज कोणी परवानगी देणार नाही. डॉक्टर आणि विद्यार्थी स्वखुशीने आडवे झाले, त्यांना स्नायू लुळे करणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला, आणि शिकाऊ, अनभिज्ञ माणसांकडून तोंडाने श्वास देववून ते जगतात हे सिद्ध केले. पाठ दाबून हात उचलण्याची जी जुनी पद्धत आम्ही शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला घोकली होती, ती निरुपयोगी ठरली. १९६० मध्ये बाल्टिमोरच्याच दुसऱ्या संशोधकांनी छाती दाबून रक्त फिरवण्याची रीत प्रसिद्ध केली. साफार ह्यांनी दोन्हींची सांगड घातली. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण ह्या क्रमाने जी ए-बी-सी आम्हां नर्सांच्या तोंडी कायमची बसली ती ह्या माणसाची.

पण १९६६ साली त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहराचे माजी मेयर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत भाषण करता करता कोसळले. पोलिसांच्या गाडीतून इस्पितळात आणले, हृदय सुरू झाले, पण मेंदू वाचला नाही. १७ दिवसांनी ते वारले. इतक्या बड्या माणसाची ही गत, तर हिल डिस्ट्रिक्टमधल्या म्हातारीची काय असेल हा प्रश्न आता कोणाला टाळता येईना.

फाल्क फंड नावाच्या धर्मादाय संस्थेचे अध्यक्ष फिल हॅलन हे पूर्वी स्वतः अॅम्ब्युलन्स चालवीत असत. त्यांनी, साफार ह्यांनी आणि वस्तीतल्या फ्रीडम हाउस ह्या संस्थेने १९६७ साली एक बेत आखला. डॉक्टर आणायचे नाहीत, वस्तीतलीच माणसे घ्यायची. कोणी शाळा अर्धवट सोडलेला, कोणी व्हिएतनामहून परतलेला, कोणी तुरुंग पाहून आलेला, अशा तरुणांना जगाने निकामी ठरवले होते. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. शरीररचना, भूल देण्याच्या खोलीतली प्रत्यक्ष शिकवणी, बाळंतपण, वाहन चालवणे, सगळे काही. त्या काळी अॅम्ब्युलन्सवाल्याजवळ रेड क्रॉसचे प्रथमोपचाराचे कार्ड असले तरी मोठी गोष्ट समजत, हे लक्षात घेतले म्हणजे ३०० तासांची किंमत कळेल. आम्ही नर्सिंगला असताना सिस्टर आमच्याकडून एकेक गोष्ट शंभरदा करून घेत, तेव्हा मनातल्या मनात आम्ही त्यांना शिव्या देत असू. ह्या मुलांनीही दिल्या असतील.

१९६८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ५,८०० हाका आल्या आणि ४,६०० हून अधिक रोगी त्यांनी इस्पितळात पोहोचवले. साफार ह्यांच्या हिशेबाने त्यांतले २०० जण ह्या मुलांमुळे वाचले. १९७२ साली दोन महिन्यांची पाहणी झाली, तिचे आकडे आम्ही मुद्दाम देत आहोत. फ्रीडम हाउसने आणलेल्या १,४०० रोग्यांची तपासणी केली, तेव्हा गंभीर रोग्यांना वाटेत योग्य उपचार मिळाल्याचे प्रमाण शेकडा ८९ निघाले. पोलिसांच्या गाड्यांत ते शेकडा ३८ होते, आणि स्वयंसेवकांच्या गाड्यांत शेकडा १३. म्हणजे ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांची गाडी शहरात सर्वांत चांगली ठरली, तीही मताने नव्हे, मोजून.

आता ह्या कथेत जी बाई येते तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहावासा वाटला. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ही १९४४ ची, मॅसॅच्युसेट्सची ज्यू मुलगी. साफार ह्यांच्याकडे अतिदक्षतेचे शिक्षण घ्यायला आली आणि त्यांनी तिला फ्रीडम हाउसची वैद्यकीय प्रमुख नेमले. ती कचेरीत बसली नाही. मुलांबरोबर रात्रपाळीला गाडीतून फिरे, वायरलेसवरून सूचना देई, घशात नळी घालण्याचे काम, जे तोवर डॉक्टरखेरीज कोणी करीत नसे, ते तिने त्यांना रस्त्यात करायला शिकवले. चूक झाली की झापत असे, आणि त्यांच्याविरुद्ध शहरातला कोणी अधिकारी बोलला तर त्यालाही झापत असे. पॅरामेडिकसाठी साऱ्या अमेरिकेचा जो अभ्यासक्रम पुढे झाला, तो तयार करण्याचे सरकारी काम तिला मिळाले आणि तो तिने ह्याच मुलांच्या अनुभवावर बेतला. १९७९ मध्ये तिचे रस्त्यावरील तातडीच्या उपचारांवरचे पुस्तक आले. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघत असतात.

आणि ह्या मुलांचे काय झाले? गोऱ्या वस्त्यांतले लोक विचारू लागले की काळ्यांच्या वस्तीत आहे तशी गाडी आमच्याकडे का नाही. तेव्हा मेयर पीटर फ्लॅहर्टी ह्यांच्या कारकिर्दीत शहराने स्वतःची सेवा काढली आणि १९७५ च्या ऑक्टोबरात फ्रीडम हाउस बंद झाले. मुलांना नव्या सेवेत घेतले जाईल असे ठरले होते. घेतले, पण मग नव्या परीक्षा निघाल्या, जुने पोलीस रेकॉर्ड निघाले, ज्यांनी शिकवायचे त्यांना नवशिक्या गोऱ्यांच्या हाताखाली दिले. एकेक करून बहुतेक गळाले. जॉन मून नावाचे गृहस्थ चिकटून राहिले आणि सहायक प्रमुखाच्या हुद्द्यापर्यंत चढून २००९ साली निवृत्त झाले. आम्हांला ह्या भागाचा फार राग येतो. अभ्यासक्रम घेतला, रीत घेतली, माणसे टाकली. डिग्री असूनही "तिकडची डिग्री" म्हणून ज्यांना इथे आल्यावर पुन्हा खालच्या पायरीवर बसवले गेले, अशा आपल्या समाजातल्या शिक्षकांना आणि कंपाउंडरांना हे समजावून सांगायला नको.

नॅन्सी कॅरोलाइन १९७७ साली इस्राएलात आली आणि मागेन दाविद आदोमची वैद्यकीय प्रमुख झाली. १९३० साली तेल-अवीवमध्ये मूठभर स्वयंसेवकांनी सुरू केलेली, १९५० च्या कायद्याने राष्ट्रीय झालेली ही संस्था. तिच्या गाड्यांतले शिक्षण कॅरोलाइनने नव्या पद्धतीवर नेले. पॅरामेडिक हा शब्द इथे रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. १९८१ पर्यंत ती त्या जागेवर होती. म्हणजे आज दिमोनात किंवा अश्दोदमध्ये आपल्या जिन्यावर धावत येणाऱ्या त्या मुलाच्या हातात जे कसब असते, त्याची एक मुळी हिल डिस्ट्रिक्टमध्ये निघते. तिकडे कोकणातही आता १०८ ला फोन केला की गाडी येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि अलिबागेतले आमचे नातलग तिचे कौतुक करतात.

गाडी चांगली आली तरी पुढे इस्पितळाचे दार असते. हिब्रूत त्या विभागाला मियून म्हणतात. मियून म्हणजे निवडणे, वर्गवारी करणे. आपल्या आया सुपात तांदूळ निवडीत तसे. कोणाला आधी, कोणाला नंतर. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे ह्याने जखमींचा हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावला, तेव्हापासून हे तत्त्व आहे. पण निवडणाऱ्याला खडा कोणता आणि दाणा कोणता हे दिसले पाहिजे ना?

आम्ही मियूनमध्ये असताना, १९८० नंतरच्या दशकात, दक्षिणेकडील एका इस्पितळात आपल्यातल्या एक आजीबाई आल्या. बरोबर नातू, सब्रा, मराठी कळे पण बेताची. आजीबाई सारखे म्हणत होत्या, "जीव घाबरा होतो." नातवाने डॉक्टरला सांगितले की आजी घाबरली आहे. तरुण डॉक्टरने कागदावर भीती असे लिहिले, एक शांत करणारी गोळी दिली आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले. आम्ही स्वतः दोनदा त्यांच्यावरून गेलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तिसऱ्यांदा त्यांनी आमचा झगा धरला आणि म्हणाल्या, "बाय, तू आपल्यातली का गो? जीव घाबरा होतो, नि हात भरून आलाय." तेव्हा आलेख काढला. हृदयविकाराचा झटका येऊन तीन तास झाले होते. त्या वाचल्या, पुढे दोन वर्षे जगल्या, मात्र जिना त्यांना पुन्हा चढता आला नाही. त्या डॉक्टरला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्याने जे ऐकले ते बरोबरच लिहिले होते.

पुढे अमेरिकेतले एक संशोधन वाचनात आले तेव्हा ह्या आजीबाई आठवल्या. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या इस्पितळात डॉ. नॉक्स टॉड आणि सहकाऱ्यांनी हातापायाचे लांब हाड मोडून आलेल्या १३९ रोग्यांचे कागद तपासले. गोऱ्यांपैकी शेकडा २६ जणांना वेदनाशामक औषध मिळाले नव्हते. स्पॅनिश भाषक वंशाच्या रोग्यांत हे प्रमाण शेकडा ५५ निघाले. मोडलेले हाड सारखेच! २००० साली अटलांटात हेच पाहिले, तेव्हा औषध न मिळालेले गोरे शेकडा २६ आणि काळे शेकडा ४३. टॉड ह्यांनी मधे आणखी एक गोष्ट तपासली होती: डॉक्टरांना परक्याची वेदना कमी वाटते की काय? तसे आढळले नाही. वेदना किती आहे ह्याचा अंदाज दोघांबाबत सारखाच होता, फक्त औषध सारखे नव्हते. आमच्या वॉर्डात जुन्या सिस्टर्स म्हणत, जो ओरडतो त्याला इंजेक्शन, जो गप्प त्याला पाणी. आपली माणसे बहुधा गप्प बसतात.

इस्राएलात २०११ साली आरोग्य मंत्रालयाने परिपत्रक काढून रोग्याला त्याच्या भाषेत समजेल अशी व्यवस्था करण्याचे बंधन इस्पितळांवर घातले, आणि नंतर टेलिफोनवरून दुभाष्याची सोय झाली. रशियन, अरबी, अम्हारी ह्या भाषांची माणसे त्यावर मिळू लागली. मराठी त्या यादीत आली नाही. आपली संख्या ती केवढी, हे खरेच. त्यामुळे मराठीपुरते जुनेच चालते: साफसफाईला कोणी आपल्यातली असेल तर तिला हाक मारतात, नाही तर वॉर्डातल्या कोणा नर्सला.

आम्ही निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी मियूनच्या टेबलाखाली काचेत आमचा नंबर कोणीतरी लावून ठेवला आहे. मागच्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून नवी, पण ती घाईत नव्हती. म्हणाली, रेवदंड्याकडच्या एक वृद्ध बाई आहेत, गाडीतल्या मुलांनी आलेख काढूनच आणले आहे, तो ठीक आहे. पण बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात आणि त्यांच्या मुलीला तो हिब्रूत सांगता येत नाही. तिने फोन त्यांच्या कानाला लावला. आम्ही विचारले, "काय होतंय आई?" त्या म्हणाल्या, "कसंनुसं."

आम्ही बिछान्यात उठून बसलो आणि त्यांना एकेक विचारायला सुरुवात केली.