सॉफ्टवेअरची विद्या विद्यापीठात कशी आली

पूल बांधणारा इंजिनिअर, धरण बांधणारा इंजिनिअर हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांतही जुने झाले. सॉफ्टवेअर इंजिनिअर हा शब्द मात्र त्या मानाने नवा. आज तालुक्याच्या गावातली मुलेमुली ही विद्या शिकायला पुण्याला, नागपूरला, मुंबईला जातात, आणि घरची वडीलधारी माणसे विचारतात, “बाबा रे, तू तिथं नेमकं शिकतोस तरी काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. खुद्द विद्यापीठांनाही तो पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यात अर्धशतकाहून अधिक काळ गेला. त्याचीच हकीकत आज थोडक्यात सांगायची आहे.

संगणक हे यंत्र. त्याने काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे सांगणाऱ्या आज्ञांची जी जुळणी, तिला सॉफ्टवेअर म्हणायचे. बँकेचे खाते, सातबाराचा उतारा, रेल्वेचे आरक्षण, सारे तिच्या जिवावर चालते. आता, एकट्याने शंभर ओळींची आज्ञावली लिहिणे हे एक काम झाले. शेकडो माणसांनी मिळून लाखो ओळी लिहायच्या, त्या एकमेकींशी जुळायच्या, आणि लिहिणारे निघून गेल्यावर दहा वर्षांनी एखाद्या तिऱ्हाइताने त्या वाचून दुरुस्त करायच्या, हे काम निराळेच. पहिले काम वर्गात शिकवता येत होते. दुसऱ्याला वर्गच नव्हता.

ही उणीव कळली ती चटका बसल्यावर. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ या नावाची संगणकांची मालिका जाहीर केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांचा कारभार पाहील अशी एक मोठी आज्ञावली तिच्यासाठी तयार करायची होती. त्या कामाची सूत्रे फ्रेडरिक ब्रुक्स या गृहस्थांकडे होती. काम मागे पडत गेले, माणसे वाढत गेली. ऐन भरात हजाराहून अधिक लोक त्यावर खपत होते. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे पाच हजार मनुष्यवर्षे त्यात खर्ची पडली असावीत, असा अंदाज ब्रुक्स यांनीच पुढे मांडला. आणि मग १९७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक उफराटी वाटणारी गोष्ट सांगितली: रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवी माणसे घातली, की ते आणखी रखडते.

शेतकऱ्याला हे पटवावे लागणार नाही. बांध घालायचा असेल तर दहाच्या जागी वीस गडी लावा, काम लवकर उरकेल. पण गुऱ्हाळावर काहिलीत रस कढत असताना तिथे गुळव्या एकच असतो. काहील कधी उतरवायची ते त्याच्या नजरेत असते. त्याच्या शेजारी आणखी चार नवखे उभे केले, तर गूळ लवकर होत नाही. त्यांना समजावता समजावता त्याचेच लक्ष उडते आणि पाक पुढे जातो. सॉफ्टवेअरचे बरेचसे काम बांधासारखे नाही, काहिलीसारखे आहे.

अशी रखडपट्टी एकाच कंपनीची नव्हती. म्हणून ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या दिवसांत जर्मनीच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या गार्मिश या गावी अकरा देशांतली पन्नासाहून अधिक जाणती माणसे जमली. नाटो या लष्करी संघटनेच्या विज्ञान समितीने ही परिषद भरवली होती, आणि म्युनिकचे प्राध्यापक बाउअर हे तिचे प्रमुख होते. परिषदेला नाव दिले ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडले होते, असे तिच्या अहवालातच नमूद आहे. पूल बांधणारा जसा शास्त्राच्या आणि परंपरेच्या आधाराने बांधतो, तसा आधार आम्हांला कुठे आहे, असा त्यातला टोमणा! पुढच्याच वर्षी रोमला दुसरी परिषद झाली. तिथे मात्र प्रत्यक्ष काम करणारे आणि विद्यापीठांतले पंडित यांचे सूर जुळेनात. हा बेबनाव या विषयाच्या पाचवीलाच पुजलेला आहे, आणि माझ्या मते तो अजून पुरता मिटलेला नाही.

१९७० साली विन्स्टन रॉइस या अनुभवी इंजिनिअरांनी एक निबंध वाचला. त्याची गोष्ट शिक्षकांनी अवश्य ऐकावी. रॉइस यांनी एक आकृती काढली. आधी गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग आज्ञा लिहिणे, मग तपासणी, मग वापर. पायऱ्यापायऱ्यांनी पाणी खाली उतरावे तसे काम उतरत जाते. आणि आकृतीखालीच त्यांनी बजावले की, एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कारण चूक कळते ती तपासणीला, म्हणजे अगदी शेवटी, आणि मग पुन्हा वर चढून जावे लागते. निबंधाचा पुढचा सारा भाग हा धोका कसा टाळावा यासाठीच आहे. पण पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी काय केले? आकृती उचलली, मजकूर ठेवून दिला. ‘धबधबा’ हे नावही रॉइस यांचे नव्हे, ते मागाहून चिकटले. आपल्याकडेही ‘धबधबा पद्धती आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या किती जणांना मूळ निबंधातला इशारा ठाऊक असेल?

दरम्यान या विषयाला विद्यापीठांत हळूहळू जागा मिळत होती. अमेरिकेतल्या सिएटल विद्यापीठाने १९७९ मध्ये त्याची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू केली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ मध्ये त्यासाठी एक संस्थाच निघाली. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० मध्ये चालू झाला होता, आणि १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत संगणक येऊन तिथे प्रोग्रामिंगचे वर्ग भरू लागले. त्याच कानपूरचे प्राध्यापक पंकज जलोटे यांचे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवरचे पाठ्यपुस्तक १९९१ मध्ये निघाले आणि देशभर वापरले गेले. त्यांनी त्यात विभागातल्या तासांचे वेळापत्रक लावण्याचे उदाहरण घेतले आणि ते पायरीपायरीने पुढे नेले. ज्या गुरुजींनी जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक लावले आहे, त्यांना या निवडीतला शहाणपणा लगेच कळेल.

पण हे सारे शिकायचे कशासाठी? आकृत्यांनी हे समजत नाही. त्यासाठी थेराक-२५ या यंत्राची कहाणी सांगतात. कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे हे कॅनडात बनलेले यंत्र. आधीच्या यंत्रांत धोका टाळायला लोखंडी अडसर आणि विजेची कुलपे असत. या यंत्रात ती काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांवर किरणांचा प्रचंड जादा मारा झाला. त्यांतले काही दगावले. यंत्र निर्दोष आहे असेच बनवणारे म्हणत राहिले. शेवटी टेक्सासमधल्या एका इस्पितळात तिथला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी बाई, दोघांनी बसून तीच तीच अक्षरे पुन्हा पुन्हा टंकून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. सरावलेल्या हाताने आधीची नोंद आठ सेकंदांच्या आत बदलली, तर पडद्यावर नवी नोंद दिसे, पण यंत्राला बदल कळतच नसे! बाईंची चूक काहीच नव्हती. त्या कामात तरबेज होत्या, एवढेच. हीच खोट आधीच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही होती, पण तिथे अडसर असल्यामुळे कुणाला इजा झाली नव्हती. ती आज्ञावली मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेली होती आणि तिच्याविषयी लिखापढी फारच थोडी होती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाचा कसून अभ्यास छापला, आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांत तो वाचला जातो.

ब्रुक्स पुढे चॅपल हिलच्या विद्यापीठात शिकवू लागले. संगणकशास्त्राचा विभाग तिथे त्यांनीच १९६४ मध्ये सुरू केला होता. ते विद्यार्थ्यांचे लहान लहान गट करीत आणि एका सत्रात प्रत्येक गटाकडून खरोखरीचे काम करून घेत. पुढे त्यांनी रीत बदलली. सगळे एकदम बांधायचे नाही. आधी काहीतरी थोडेसे, पण चालणारे उभे करायचे आणि मग त्यात भर घालत जायचे. पडद्यावर पहिले चित्र उमटले, की मुलांच्या अंगात वारे संचारते, असा त्यांचा अनुभव. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा प्रांतात सतरा जणांनी जो जाहीरनामा काढला, त्याचाही रोख तोच होता: थोडे करा, वापरणाऱ्याला दाखवा, त्याचे ऐका, बदला.

आपल्याकडे शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. तो बाजारात तयार मिळतो आणि विकत घेऊन सादर केला जातो, हेही सर्वांना ठाऊक आहे. अशा प्रकल्पात वापरणारा माणूस कुठे नसतोच, त्यामुळे ऐकायचे कुणाचे? त्यापेक्षा चार मुलांना गावच्या दूध संस्थेत पाठवावे आणि संकलनाची नोंदवही संगणकावर आणायला सांगावे. सेक्रेटरी पहिल्या दिवशी म्हणतील, सभासदाचं नाव, लिटर, फॅट, झालं. मुले तेवढे करून दाखवतील. मग ते म्हणतील, सकाळ-संध्याकाळ वेगळं पाहिजे की! तेही होईल. आणि दसऱ्याच्या सुमारास, सगळे पुरे झाले असे वाटत असताना, ते सहज सांगतील की तुकारामच्या नावावर त्याच्या भावाचेही दूध येते, आणि पैसे मात्र दोघांना वेगवेगळे द्यावे लागतात.